दाखल क्रमांक, देवघेव आणि डीबी ब्राउझर

आमच्या वाचनालयात एका वाचकाने पुस्तक मागितलं. माझ्या स्प्रेडशीटमध्ये ते आत आलेलं होतं, माझ्याबरोबर नोंदी करणाऱ्या बाईंच्या रजिस्टरात बाहेर गेलेलं होतं, आणि कपाटात त्याची जागा रिकामी होती. बाईंनी रजिस्टरावर बोट ठेवलं, मी स्क्रीनकडे बघत राहिले, आणि वाचक काही न बोलता दुसरं पुस्तक घेऊन गेला. त्या दिवशी मी ठरवलं की हे शीट आता बंद करायचं.

शीटचं दुखणं मला बरेच दिवस कळत होतं. देवघेवीची प्रत्येक नोंद म्हणजे एक ओळ, आणि त्या ओळीत पुस्तकाचं नाव, लेखक, सभासदाचं नाव, फोन, सगळं पुन्हा पुन्हा लिहिलेलं. एकच लेखक चार प्रकारे लिहिलेला: कुठे पूर्ण नाव, कुठे आद्याक्षरं टिंबांसकट, कुठे टिंबांशिवाय, कुठे आडनाव आधी. सभासदाचा फोन बदलला की तो शंभर ओळींत बदलायचा, आणि मी तो नेहमी सत्त्याण्णव ओळींतच बदललेला असायचा.

मला सर्व्हर चालवायचा नव्हता. एक संगणक, एक टेबल, नोंद करणाऱ्या दोघी, एवढ्यासाठी सतत चालू राहणारा डेटाबेस सर्व्हर सांभाळणं हे विहिरीवर मोट असताना धरण बांधण्यासारखं झालं असतं. म्हणून एसक्यूलाइट. यात सगळा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. ती कॉपी करता येते, पेनड्राइव्हवर नेता येते. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते लिहिलं तेच मुळी अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका सॉफ्टवेअरचं काम करताना, सर्व्हर बंद पडला तरी कार्यक्रम अडू नये म्हणून. ते सार्वजनिक मालकीचं आहे, आणि २०५० पर्यंत आधार देत राहण्याचा त्याच्या कर्त्यांचा मानस आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटासेट जतन करण्यासाठी शिफारस केलेल्या फॉरमॅटांतही ते आहे. हे वाचल्यावर माझी उरलीसुरली शंका गेली. वाचनालयाच्या नोंदी पुढच्या माणसाच्या हातात जायच्या असतात.

त्या फाइलमध्ये डोकावायला मी डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट घेतलं. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. पूर्वी त्याचं नाव एसक्यूलाइट डेटाबेस ब्राउझर होतं. लोक या प्रोग्रॅमविषयीचे प्रश्न थेट एसक्यूलाइटच्या कर्त्यांना विचारायला लागले, म्हणून हिप यांच्या विनंतीवरून २०१४ मध्ये नाव बदललं. इन्स्टॉल करण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाच मिनिटांत झालं.

खरं काम त्याआधीचं, कागदावरचं. मी बाईंसमोर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, "बाई, आपल्याकडे नेमकं काय काय आहे?" त्या म्हणाल्या, "पुस्तकं आहेत, सभासद आहेत, देवघेव आहे." मी तीन चौकोन काढले. मग त्यांनी विचारलं, "आणि एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील, त्यातली एक बांधणीला गेली असेल, तर तू कुठे लिहिणार?" तिथे चौथा चौकोन आला: प्रती. शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष हे पुस्तकाचं. दाखल क्रमांक (वाचनालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला मिळणारा क्रमांक), कपाट आणि अवस्था हे प्रतीचं. वाचक घरी नेतो ती प्रत, पुस्तक नव्हे. बाईंना हे इतकं स्वाभाविक होतं की त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या शीटमध्ये मात्र हा फरकच नव्हता. तीन प्रतींपैकी एक परत आली की शीटच्या मते पुस्तक आलं. त्या वाचकाला उत्तर का देता आलं नाही, ते तिथेच कळलं.

न्यू डेटाबेस म्हटलं की प्रोग्रॅम आधी फाइलचं नाव विचारतो आणि लगेच टेबल बनवण्याची खिडकी उघडतो. एकेक रकाना वाढवायचा, त्याचा प्रकार निवडायचा, आणि पुढच्या चौकटींत खुणा करायच्या: रिकामा चालणार नाही, प्रायमरी की (ओळीची ओळख ठरवणारा रकाना), आपोआप वाढणारा क्रमांक, एकमेव. मला या खिडकीतली सर्वांत आवडलेली गोष्ट खालच्या अर्ध्या भागात आहे. वर खूण केली की खाली एसक्यूएल या डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेतली 'क्रिएट टेबल' आज्ञा आपोआप बदलते. 'एकमेव'वर टिचकी मारली की खाली 'युनिक' शब्द उमटतो, खूण काढली की जातो. मी एसक्यूएल शिकले ते या खिडकीत. टेबलांची नावं मराठीतच ठेवली: पुस्तके, प्रती, सभासद, देवघेव. एसक्यूलाइटला ती चालतात.

मग जुनं शीट सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, करून आत घेतलं. पहिल्या वेळी सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं झाली, कारण शीटमधून फाइल काढतानाच एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडलेलं नव्हतं. आयातीच्या खिडकीत आत काय जाणार ते आधीच दिसतं, त्यामुळे ओके म्हणायच्या आतच लक्षात आलं. दुसरी गोष्ट मात्र आत गेल्यावर कळली. आमचे दाखल क्रमांक चार अंकी, पुढे शून्य भरलेले. पुस्तकाच्या पाठीवर तशीच चिठ्ठी असते. आयात करताना प्रोग्रॅमने रकान्यात सगळे आकडेच आहेत असं बघून तो पूर्णांकाचा ठरवला, आणि ००४२ चं ४२ झालं. प्रकार ओळखण्याची ही सोय आयातीच्या प्रगत पर्यायांत बंद करता येते. ती बंद केली, टेबल पुसलं, पुन्हा आणलं. दाखल क्रमांक हा आकडा नाही, ते नाव आहे. त्याची बेरीज कोणी करत नाही.

आणखी एक शहाणपण दुसऱ्या प्रयत्नात आलं. जुना माल थेट नव्या टेबलांत ओतायचा नाही. तो 'कच्चा' नावाच्या टेबलात जसाच्या तसा ठेवला, आणि तिथून निवडून, धुऊन पुढे नेला. काही चुकलं तर कच्चा माल जागेवर होता.

आता ज्या गोष्टीत माझे सर्वांत जास्त दिवस गेले ती. २००० नंतर प्रकाशित झालेली पुस्तकं मागितली, तर यादीत कितीतरी जुनी पुस्तकं आली. १९६४, १९७१, १९५८. वर्षाचा रकाना पूर्णांकाचा होता, मग असं कसं? मी 'टाइपऑफ' हे साठवलेल्या मजकुराचा प्रकार सांगणारं फंक्शन लावून पाहिलं. काही नोंदींपुढे 'इंटिजर' आलं, काहींपुढे 'टेक्स्ट'. टेक्स्ट असलेली सगळी वर्षं देवनागरी अंकांत लिहिलेली होती. आपल्याला १९६४ हा आकडा दिसतो. एसक्यूलाइट फक्त इंग्रजी अंकांना (0 ते 9) आकडा मानतं, आणि देवनागरी अंकांची ओळ ते मजकूर म्हणून तशीच साठवतं. रकान्याला पूर्णांक म्हटलं तरी ते अडवत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. शिवाय तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. म्हणून देवनागरीतलं प्रत्येक वर्ष २००० नंतरचं ठरत होतं.

दहा अंकांसाठी दहा 'रिप्लेस' एकात एक घालून ते रकाने साफ केले. मग 'स्ट्रिक्ट' हा शब्द लावून टेबल पुन्हा बनवलं. एसक्यूलाइटच्या ३.३७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, तो मिळतो, आणि मग पूर्णांकाच्या रकान्यात मजकूर टाकला तर नोंद नाकारली जाते. लगेच 'अंदाजे १९७२' अशी एक नोंद नाकारली गेली. त्यासाठी वेगळा शेऱ्याचा रकाना केला.

अंकांचा घोळ निदान डोळ्यांना तरी दिसत होता. पुढचं दिसतच नव्हतं. ब्राउझ डेटा या टॅबमध्ये प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर गाळणीची एक चौकट असते, तिथे टाइप करत जाल तशा नोंदी गाळल्या जातात. मी 'दऱ्या' टाइप केलं. दोन पुस्तकं आली. कपाटात मला पाच माहीत होती. उरलेली तीन नावाने वर्णक्रमात शोधली, ती होती. त्यांच्याही शीर्षकात 'दऱ्या' होतं, अगदी तसंच, अक्षराचा फरक नाही.

एका शीर्षकातून तो शब्द उचलून आज्ञा चालवण्याच्या एक्झिक्यूट एसक्यूएल या टॅबमध्ये चिकटवला आणि 'लेंग्थ'ने त्याची लांबी विचारली. ५. दुसऱ्यातून उचलला. ६. डोळ्यांना सारखाच दिसणारा शब्द, आणि एकात एक अक्षर जास्त. मग 'सबस्ट्र'ने एकेक अक्षर सुटं करून 'युनिकोड' फंक्शनने त्याचा क्रमांक (युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक असतो) बघत गेले. पाच अक्षरांच्या शब्दात द, मग नुक्त्याचा ऱ म्हणजे २३५३, मग हलन्त २३८१, य, काना. सहा अक्षरांच्या शब्दात साधा र म्हणजे २३५२, हलन्त २३८१, आणि मग ८२०५. हे ८२०५ म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, रुंदी नसलेला जोडणारा. तो अर्ध्या र ला वळण देतो आणि स्वतः दिसत नाही. शीटमध्ये दोन जणींनी दोन वेगळ्या कीबोर्डांवर टाइप केलं होतं. एकीचा कीबोर्ड असा लिहायचा, दुसरीचा तसा.

इलाज एका ओळीचा होता: २३५२, २३८१, ८२०५ ही तिकडी जिथे असेल तिथे २३५३, २३८१ ही जोडी घाल. शीर्षकं, लेखक, सभासद, सगळीकडे. एकाच सभासदाची दोन खाती झालेली काही प्रकरणं या एका ओळीने उघडी पडली. आडनावात 'ऱ्हे' किंवा 'ऱ्या' असलेली माणसं होती ती. मराठीत नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या यादीत हा शोध एकदा घेऊन बघावा असं मला मनापासून वाटतं.

वर्णक्रमाचा प्रश्न मी सोडवला नाही, सोडून दिला. एसक्यूलाइट देवनागरी लावतं ते युनिकोडच्या क्रमांकांनी. त्यामुळे ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो, क्ष क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये मिसळतो, आणि 'ॲ'ने सुरू होणारी पुस्तकं थेट ह च्याही नंतर जातात. छापील यादी काढायची तेव्हा मी हाताने दुरुस्त करते.

प्रोग्रॅमच्या वरच्या पट्टीवर दोन बटणं आहेत, राइट चेंजेस आणि रिव्हर्ट चेंजेस. तुम्ही जे बदल करता ते राइट चेंजेस दाबेपर्यंत पक्के होत नाहीत. या दोन बटणांनी मला एकदा रडवलं आणि एकदा तारलं.

रडवलं ते असं. दुपारभर बसून मी सभासदांचे पत्ते भरले आणि मध्ये एकदाही राइट चेंजेस दाबलं नाही. वीज गेली. पुन्हा सुरू केल्यावर फाइल शाबूत होती, एकही नोंद अर्धवट नव्हती, पण दुपार गेली होती. तेव्हापासून दहा नोंदी झाल्या की कंट्रोल आणि एस, हा हाताचा नियम झाला आहे.

तारलं ते त्यानंतर महिन्याभराने. एका सभासदाचा फोन बदलायचा होता. आज्ञा दोन ओळींत लिहिली होती: पहिल्या ओळीत 'अपडेट सभासद सेट फोन', पुढे नवा क्रमांक, दुसऱ्या ओळीत 'व्हेअर', पुढे सभासद क्रमांक. काही तपासताना पहिली ओळ माउसने निवडलेली राहिली, आणि मी चालवा म्हटलं. मजकूर निवडलेला असेल तर हा प्रोग्रॅम तेवढाच चालवतो. खालच्या पट्टीत निकाल आला: आज्ञा यशस्वी, ४१२ ओळींवर परिणाम. आमचे सभासद ४१२. मी ब्राउझ डेटात गेले आणि वरपासून खालपर्यंत एकच फोन नंबर पाहिला. हात गार पडले. मग रिव्हर्ट चेंजेस दाबलं, आणि सगळे नंबर परत आले. आता बदलाची कुठलीही आज्ञा चालवण्याआधी तीच 'व्हेअर' लावून 'सिलेक्ट' चालवते, ओळी मोजते, आणि मग अपडेटनंतरचा आकडा त्याच्याशी जुळवते. जुळला तरच राइट चेंजेस.

चारही टेबलं भरल्यावर ती एकमेकांना बांधायची होती. देवघेवीतल्या सभासद क्रमांकाचा सभासद खरोखर असलाच पाहिजे, हे फॉरेन कीचं काम. एसक्यूलाइट हा नियम एरवी आपणहून पाळत नाही, तो चालू करावा लागतो. डीबी ब्राउझर फाइल उघडताना चालू करतं, आणि एडिट प्रॅग्माज या टॅबवर त्याची खूण दिसते. मी ती खूण काढली, जुनी देवघेव आत घेतली, आणि 'फॉरेन की चेक' ही प्रॅग्मा, म्हणजे एसक्यूलाइटची खास आज्ञा, चालवली. ६३ नोंदी आल्या. त्रेसष्ट वेळा कोणीतरी पुस्तक नेलं होतं, आणि तो कोणीतरी आमच्याकडे नव्हता.

यादी छापून बाईंकडे नेली. त्यांनी चष्मा पुसला, जुनी तीन रजिस्टरं काढली आणि म्हणाल्या, "अगं, यातले निम्मे तर मला तोंडपाठ आहेत." ३१ नोंदी दुसऱ्यांदा नोंदणी झालेल्या सभासदांच्या निघाल्या. नवा क्रमांक मिळाल्यावर जुनी ओळ मीच कधीतरी शीटमधून पुसली होती. १४ ठिकाणी अंक उलटे पडले होते, २१७ चं २७१. आणि ७ नोंदींत सभासद क्रमांक शून्य होता. मी त्या चुकाच धरल्या होत्या. बाई म्हणाल्या, "त्या चुका नाहीत. जो सभासद नाही, पण इथेच बसून वाचतो, त्याला मी शून्य लिहिते." इतकी वर्षं त्या शून्याला अर्थ होता आणि मला तो ठाऊक नव्हता. देवघेवीत 'प्रकार' असा रकाना वाढवला, तिथे 'जागेवर वाचन' लिहिलं, आणि सभासद क्रमांक रिकामा सोडला. रिकाम्या जागेला फॉरेन की हरकत घेत नाही. राहिल्या ११.

बाईंनी पहिल्यांदा स्वतः प्रोग्रॅम हाताळला तेव्हा गाव सोडून गेलेल्या एका सभासदाची ओळ पुसायला घेतली. नकार आला: फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड. "का नाही म्हणतोय?" त्यांनी विचारलं. त्या माणसाच्या नावावर जुनी देवघेव होती, म्हणून. पुस्तकं सगळी परत आलेली होती, पण इतिहास होता. मग लक्षात आलं की सभासद पुसायचाच नसतो. 'सभासदत्व संपल्याची तारीख' असा रकाना केला. त्या ३१ नोंदी ज्या कारणाने पोरक्या झाल्या, ते कारणच असं संपलं.

आता जे प्रश्न शीटला विचारताच येत नव्हते ते विचारते. एकदाही घरी न गेलेल्या प्रती कोणत्या, हे मी आधी 'नॉट इन'ने (म्हणजे 'या यादीत नसलेल्या') विचारलं आणि उत्तर शून्य आलं. विश्वास बसेना. देवघेवीतल्या एका नोंदीत प्रतीचा क्रमांक रिकामा होता, आणि यादीत एक जरी रिकामी जागा असली तरी 'नॉट इन' काहीच परत देत नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरल्यावर खरी यादी आली. ती बाईंनी दर्शनी कपाटात लावली, दर आठवड्याला दहा. मुदत उलटलेल्या पुस्तकांची आज्ञा व्ह्यू म्हणून, म्हणजे टेबलासारखी उघडता येईल अशी, साठवली आहे. बाई ब्राउझ डेटात तिचं नाव निवडतात आणि फोन करायला घेतात.

नोंदी एकाच संगणकावर होतात. फाइल दोन संगणकांवरून उघडून बघितली होती. एकीने बदल पक्के केले नाहीत की दुसरीला 'डेटाबेस इज लॉक्ड' असा निरोप मिळतो, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरात हे कुलूप भरवशाचंही नसतं. शनिवारी प्रोग्रॅम बंद करून फाइलची प्रत काढते, आणि शिवाय एक्स्पोर्टमधून सगळा डेटाबेस एसक्यूएल मजकूर म्हणून काढून ठेवते. ती फाइल साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते.

उरलेल्या अकरा नोंदींची यादी बाईंच्या टेबलाच्या काचेखाली आहे. दुपारी गर्दी नसली की त्या एकेक ओळ घेऊन जुन्या रजिस्टरातली सही शोधतात. कालपर्यंत अकराच्या सात झाल्या आहेत.